‘इकडे बघ’ न म्हणता मुलांचे फोटो: घरच्या घरी, हातातल्या फोनवर

फोनमधले गेल्या दोन-तीन महिन्यांतले मुलांचे फोटो एकदा सलग बघत जा. बहुतेक घरांत एकच फोटो पुन्हा पुन्हा काढलेला दिसतो. मूल मधोमध उभं, नजर थेट फोनकडे, ओढूनताणून आणलेलं हसू, वरून काढल्यामुळे डोकं मोठं नि पाय आखूड, आणि मागे दोरीवरचे कपडे नाहीतर टीव्ही. चार वर्षांनी हे फोटो बघताना मुलाचं वय कळतं, फ्रॉक कुणी दिला होता ते आठवतं. पण त्या वयात ते कशात रमायचं, रुसलं की ओठ कसा काढायचं, चित्र काढताना जीभ कशी बाहेर यायची, यातलं काहीच हाती लागत नाही.

हे महागडा कॅमेरा घेऊन सुटत नाही. आपण मुलाला त्याच्या उद्योगातून उठवतो, आपल्यासमोर उभं करतो आणि मग फोटो काढतो, तिथेच फोटो हातचा जातो. या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीभोवती आहे: मुलाला त्याच्या कामात राहू द्यायचं आणि उजेड, उंची, अंतर यांची जुळवाजुळव आपण करायची.

आधी जुने फोटो तपासा

तुम्हाला मनापासून आवडणारे दहा-बारा फोटो वेगळे काढा. नातेवाइकांनी वाहवा केलेले नकोत. तुम्ही स्वतः अधूनमधून उघडून बघता ते घ्या. प्रत्येकात तीन गोष्टी शोधा. उजेड कुठून येतोय, फोन किती उंचीवर होता आणि मूल त्या वेळी काय करत होतं. बहुधा असं दिसेल की आवडते फोटो खिडकीजवळचे किंवा बाल्कनीतले आहेत, काढणारा खाली बसलेला होता आणि मूल कशात तरी गुंतलेलं होतं. नकळत जे बरोबर घडलं, तेच आता जाणूनबुजून करायचं आहे.

मग थोडक्यात हुकलेले फोटो बघा. हावभाव अप्रतिम आहे पण मागे कुणाचा तरी अर्धा हात आलाय, किंवा चेहरा काळवंडलाय. यातले काही वाचवता येतात, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आपली नेहमीची चूक कोणती, हे मात्र या हुकलेल्या फोटोंतूनच कळतं. कुणाची चूक कायम मागच्या पसाऱ्याची असते, कुणाची घाईची.

घरच्या फोटोंना कमी लेखू नका. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांनी आयुष्यभर आपल्या कुटुंबाचे फोटो काढले. अमृता आणि तिची धाकटी बहीण इंदिरा या दोघी मुली लहानाच्या मोठ्या होताना त्यात दिसतात. आज ते फोटो कलादालनांत मांडले जातात. त्यांचा विषय मात्र घर हाच होता.

उजेड: अर्धं काम इथेच होतं

घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे थेट ऊन न येणारी मोठी खिडकी. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. मुलाची खेळणी, चित्रांची वही, डबे-झाकणं, जे काही असेल ते खिडकीपासून साधारण एक मीटरवर मांडा. मूल आपोआप तिथे येऊन बसेल. खिडकी त्याच्या एका बाजूला यावी, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसऱ्या गालावर हलकी सावली पडते. चेहऱ्याला गोलाई या सावलीनेच येते. खिडकी तुमच्या पाठीमागे असेल तर चेहरा सपाट दिसतो, मुलाच्या पाठीमागे असेल तर काळा.

हे पटायचं असेल तर स्वतःचा पंजा खिडकीजवळ धरा आणि हळूहळू गोल फिरवा. एका कोनात हातावरच्या रेषा उठून दिसतात, दुसऱ्या कोनात सगळा हात सारखाच दिसतो. चेहऱ्याचंही तसंच होतं. मग दोन पावलं आत सरका आणि पुन्हा बघा. खिडकीपासून थोडं दूर गेलं की उजेड किती झपाट्याने कमी होतो, ते लक्षात येईल.

फोटो काढताना खोलीतली ट्यूब बंद करा. आपल्याला दिवसाही ट्यूब लावायची सवय असते, पण तिचा उजेड वरून पडतो, डोळ्यांखाली खड्डे दिसतात, आणि खिडकीच्या उजेडाचा रंग वेगळा असल्यामुळे एक गाल निळसर तर दुसरा पिवळट येतो. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाका. तिच्यावरून उजेड परत फिरतो आणि सावली मऊ होते. शेवटी मुलाच्या डोळ्यांत बघा. बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसतोय ना? दिसत असेल तर डोळे जिवंत येतील.

बाहेर खेळताना भर दुपारचं ऊन टाळा. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि मूल डोळे बारीक करतं. अशा वेळी सावलीची कड शोधा: पडवी, जिन्याचं तोंड, इमारतीखालच्या पार्किंगची पुढची बाजू. मूल सावलीत, पण तोंड मोकळ्या आभाळाकडे. फक्त आजूबाजूच्या रंगाकडे लक्ष ठेवा. हिरव्या जाळीखाली चेहरे हिरवट येतात, तापलेल्या लाल भिंतीशेजारी तांबूस.

सूर्यास्ताच्या आधीचा तासभर फार मोलाचा. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातच्या पुढे, म्हणजे शाळेनंतरचा खेळ आणि हा उजेड बहुधा एकाच वेळी येतात. सूर्य मुलाच्या पाठीमागे ठेवा, केसांना कड येते. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून तो नीट दिसेल एवढा उजेड वाढवा. आणि पावसाळ्याला नावं ठेवू नका. ढगाळ आभाळ म्हणजे अख्ख्या गावावर ताणलेला पांढरा पडदा. अशा दिवशी कुठूनही फोटो काढा, चेहरे मऊच येतात.

फोनचा फ्लॅश बंदच ठेवा. तो समोरून सगळं सपाट करतो आणि अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असल्यामुळे डोळे लाल येतात. यासंदर्भात एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवतो. वेगवेगळ्या फोटोंत मुलाच्या एकाच डोळ्यात लालऐवजी पांढरी चकाकी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लवकर न्या. ती चकाकी कधी नुसत्या कोनामुळे येते, पण कधी मोतीबिंदूची किंवा डोळ्याच्या पडद्यावरच्या गाठीची पहिली खूण असू शकते. अशा वेळी वाट बघू नये.

खाली बसा आणि दोन पावलं मागे सरका

उभ्या मोठ्या माणसाच्या उंचीवरून मूल नेहमी खालीच दिसतं. रांगणाऱ्या बाळासाठी सरळ जमिनीवर पालथे पडा, तीन-चार वर्षांच्यासाठी मांडी घाला, शाळकरी मुलासाठी गुडघ्यावर बसा. फोनची लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आली की चित्रच पालटतं. टेबलाची कड त्याच्या हनुवटीला टेकते, कुत्रा त्याच्याएवढा दिसतो, आणि घर त्याला दिसतं तसं आपल्याला दिसतं.

वरून काढलेला फोटो प्रत्येक वेळी वाईट असतो असं नाही. झोपलेलं बाळ, जमिनीवर पसरलेल्या चित्रांच्या मधे बसलेली मुलगी, रांगोळीचे ठिपके मोजणारा मुलगा. इथे थेट वरून बघितल्यावरच रचना कळते. पण मग पूर्ण वरून काढा. अर्धवट तिरक्या कोनात ना धड चेहरा दिसतो ना रचना.

अंतराचं गणितही सांभाळा. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. ती तोंडाजवळ नेली की नाक फुगतं आणि कान मागे जातात. चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर दीड-दोन मीटर मागे सरका आणि दोनपट किंवा तीनपटची लेन्स वापरा. ०.५ची अतिरुंद लेन्स चेहऱ्यासाठी नकोच, कडेला आलेल्या मुलांचे चेहरे ती ताणते. मागे सरकल्याचा दुसरा फायदा असा की तुम्ही मुलाच्या अंगावर येत नाही आणि ते तुम्हाला विसरून जातं.

मागच्या पसाऱ्याचं औषध सोपं आहे, दोन पावलं डावीकडे किंवा उजवीकडे. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लावा. डोक्यातून उगवलेला पंख्याचा दांडा, खांद्याला चिकटलेली गॅसची शेगडी, कोपऱ्यातली लाल बादली, हे सगळं तिथे दिसतं. घर चकचकीत करायची मात्र गरज नाही. कणकेत माखलेल्या हातांच्या शेजारी पिठाचा डबा असायलाच हवा. तो त्या गोष्टीचा भाग आहे. ज्याचा त्या उद्योगाशी संबंध आहे ते राहू द्या, बाकीचं बाहेर घालवा.

बोलावू नका, थांबा

आता मुख्य भाग. ‘इकडे बघ’ म्हटलं की मूल हातातलं काम सोडतं आणि त्याचा फोटोसाठी राखलेला चेहरा चढवतं. तो चेहरा तीन वर्षांपासून पुढे सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. म्हणून फोटोच्या आधी काम द्या: वाटाणे सोलायला, आजोबांच्या चष्म्याची काच पुसायला, कुंडीत पाणी घालायला, आजीच्या सुईत दोरा ओवायला. हाताला बारीक काम मिळालं की चेहऱ्यावरचं भान आपोआप जातं. फोन हातात घेऊन शेजारी बसून राहा, गप्पा मारा, सुरुवातीला काढूच नका. पाच-दहा मिनिटांत तुम्ही त्या खोलीतलं एक सामान होता.

नेमकं कधी टिपायचं? कामाच्या आधीचा आणि नंतरचा क्षण बहुधा जास्त बोलका असतो. मेणबत्ती विझवताना सगळेच काढतात. गाल फुगवून श्वास भरून घेतलेला क्षण त्याच्या आधी येतो. घसरगुंडीवरून खाली येतानाचा फोटो बरा, पण वर बसून ‘जाऊ का नको’ असं चाललेलं असतं तो जास्त चांगला. मूल एखादी गोष्ट तीनदा करतं हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा बघा, दुसऱ्यांदा जागा धरा, तिसऱ्यांदा काढा.

दिवाळीतल्या किल्ल्याचं उदाहरण घेऊ. आपण फोटो काढतो तो किल्ला पूर्ण झाल्यावर, नवे कपडे घालून, सगळ्यांना रांगेत उभं करून. पण किल्ल्याची खरी मजा माती कालवतात त्या दिवशी असते. विटा आणि दगड रचून त्यावर भिजवलेलं पोतं टाकलेलं असतं, चिखल कोपरापर्यंत आलेला असतो आणि बुरूज कुठे हवा यावर जोरदार वाद चाललेला असतो. त्या दिवशी जा. आधी थोडं लांबून एक फोटो काढा, त्यात अंगण, भिंत, सगळी टोळी यावी. मग थोडं जवळ जाऊन एकाच मुलाचा, चिखल थापताना. मग अगदी जवळून फक्त हातांचा, नखांत माती भरलेली, बोटांत शिवाजी महाराजांचं सिंहासन किंवा एखादा मावळा धरलेला. जागा, काम आणि बारकावा, असे तीन फोटो शेजारी ठेवले की किल्ल्याची पूर्ण गोष्ट उभी राहते.

हळीव किंवा मोहरी पेरली असेल तर पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळी मूल कोंब बघायला पळतं. तेव्हा किल्ल्याच्या पलीकडे बसा आणि डोंगराच्या माथ्यावरून डोकावणारा चेहरा टिपा. शेवटी पणत्यांचा फोटो. तो पूर्ण अंधारात काढू नका. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आभाळ गडद निळं असतं आणि पणतीची ज्योत चेहरा उजळण्याइतकी प्रखर भासते. दोन्ही उजेड जुळून येतात ते तेवढ्याच वेळात. पणती मुलाच्या चेहऱ्याजवळ नको, हातभर लांब पुरते, आणि एक मोठं माणूस शेजारी हवंच.

रडणं, रुसणं, कंटाळणं हेही बालपणच आहे. गुडघ्याला खरचटल्यावरचे ओले डोळे, गृहपाठावर टेकलेलं डोकं, हे फोटो काढायला हरकत नाही. फक्त मूल खरोखर घाबरलं असेल, दुखत असेल किंवा तुमच्याकडे हात पसरत असेल तर फोन खाली ठेवून आधी त्याला उचलून घ्या.

फोनमध्ये एवढंच जमवा

लेन्स पुसा. खिशातला घाम आणि मुलांच्या बोटांचे ठसे लेन्सवर असतात, त्यामुळे फोटो धुरकट येतो. सुती रुमालाने पुसली तरी फरक दिसतो.

चेहऱ्यावर बोट टेकवा म्हणजे फोकस तिथे जातो. दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये तो तिथेच बांधला जातो. मग बोट वर-खाली ओढून उजेड कमी-जास्त करा. थोडा काळसर आलेला फोटो नंतर उजळता येतो, पांढराफटक झालेला गाल परत आणता येत नाही.

हलत्या मुलांसाठी शटरचा वेग, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, कळीचा. बसून खेळणाऱ्या मुलासाठी १/१२५ सेकंद, हातपाय हलवणाऱ्यासाठी १/२५०, पळणाऱ्यासाठी १/५०० किंवा त्याहून जलद. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर हा आकडा स्वतः ठरवता येतो. नसेल तर उपाय एकच, जास्त उजेडात जा. उजेड कमी असला की फोन शटर सावकाश करतो आणि मूल पुसट येतं. रात्री घरात फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात त्याचं कारणही शटरच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा उजेडात १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात, मात्र मग मूल बसलेलं असतानाच काढा.

सलग अनेक फोटो काढण्याची सोय उडी, झोका, पाण्याचे शिंतोडे यासाठी वापरा. एरवी ती नंतर निवडीचा डोंगर उभा करते. मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड जपून वापरा, तो भुरभुरणारे केस आणि सायकलच्या तारा खाऊन टाकतो. आणि चेहरा गुळगुळीत व गोरा करणारा ब्यूटी मोड कायमचा बंद करा. आपलं मूल ज्या रंगाचं आहे त्याच रंगाचं फोटोत दिसलं पाहिजे. फोटोत स्वतःला दरवेळी उजळवलेलं बघत वाढणाऱ्या मुलीला आपण काय सांगतो आहोत, याचा विचार व्हायला हवा.

एक प्रसंग पूर्ण: बोरन्हाण

वरचं सगळं एकाच कार्यक्रमात कसं वापरायचं ते बघू. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान घरोघरी बोरन्हाणं होतात. फोटोच्या दृष्टीने हा प्रसंग अवघड: काळे कपडे, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, दाटीवाटी, संध्याकाळचा ट्यूबचा उजेड आणि गोंधळलेलं बाळ.

पहिली गोष्ट आदल्या दिवशी ठरवा. घरच्या बायकांना विचारून कार्यक्रम सातऐवजी साडेचारला ठेवता येईल का बघा. जानेवारीत तेव्हा खिडकीतून छान उजेड असतो. पाट खिडकीच्या एका बाजूला, भिंतीपासून चांगला पुढे मांडा. भिंतीला टेकून मांडला तर सगळे समोरून गर्दी करतात आणि तुम्हाला जागाच उरत नाही. खिडकीच्या बाजूला कुणी उभं राहणार नाही एवढंच प्रेमाने सांगून ठेवा.

पहिले फोटो तयारीचे. मावशी मुकुट बांधतेय, बाळ गळ्यातला हलवा तोंडात घालायच्या बेतात आहे. इथे घाई नसते, म्हणून हे फोटो बहुधा सगळ्यात चांगले येतात. काळे कपडे मोठ्या भागात असले की फोनला वाटतं खोली अंधारी आहे. तो सगळं उजळतो आणि हलव्याचे दाणे एकमेकांत मिसळून नुसता पांढरा पट्टा दिसतो. चेहऱ्यावर बोट टेकवा आणि हलव्यावरचा काटा वेगवेगळा दिसेपर्यंत उजेड खाली आणा.

ओतण्याच्या वेळी तुम्ही बाळाच्या उंचीवर, समोरून किंचित बाजूला बसलेले असा. पहिल्या ओंजळीला बाळ डोळे मिटून घेतं. दुसऱ्या-तिसऱ्या ओंजळीला ते वर बघायला लागतं, हे काय चाललंय म्हणून. वाटी कलली की सलग फोटो सुरू करा. चुरमुरे हलके, ते सावकाश पसरतात. बोरं आणि उसाचे करवे सरळ खाली येतात. शटर १/५०० असेल तर दोन्ही हवेत थांबलेले दिसतात.

ओतून झाल्यावर आजूबाजूची पोरं तुटून पडतात. आता बाळाकडे पाठ करून त्या पोरांकडे वळा. फ्रॉकची ओटी करून बोरं भरणारी ताई, एका चॉकलेटवर पडलेले दोन हात. आणि सगळे उठून खायला गेले तरी तुम्ही तिथेच थांबा. पाटावर एकटं उरलेलं बाळ एकेक चुरमुरा चिमटीत पकडायचा प्रयत्न करत असतं. त्या वेळी खोलीत गडबड नसते, उजेड तोच असतो आणि तुमच्याशिवाय कुणाचं लक्ष नसतं. माझ्या मते बोरन्हाणाचा खरा फोटो इथे मिळतो.

रांगेतला ग्रुप फोटोही काढाच, आजी-आजोबांना तो हवा असतो. पण तो सुरुवातीला काढून मोकळे व्हा. मुलांना आजीच्या मांडीवर, पायाशी, गळ्यात पडलेली अशी वेगवेगळ्या उंचीवर बसवा आणि डोकी एकमेकांना जवळजवळ टेकतील इतकं जवळ आणा.

निवड

फिल्मच्या जमान्यातल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० नंबरच्या एका रोलवर १२ फोटो निघायचे. निवड बटण दाबण्याआधीच करावी लागायची. आता ती नंतर करावी लागते, आणि तीच आपण टाळतो. चाळीस सारखे फोटो ठेवणं म्हणजे त्यातला एकही न बघणं.

त्याच रात्री निवडू नका, प्रसंगाचा उत्साह फोटोला नसलेले गुण चिकटवतो. आठवडाभराने बसा. पुसट, डोळे मिटलेले, दुहेरी फोटो आधी घालवा. मग उरलेल्यांत हावभाव आणि तांत्रिक सफाई यांत भांडण लागलं तर हावभावाच्या बाजूने उभे राहा. किंचित हललेला पण खळखळून हसणारा चेहरा स्वच्छ, निर्विकार चेहऱ्याहून कधीही मोलाचा. एका प्रसंगाचे पाच ते दहा फोटो पुरेत.

थोडी कात्री, थोडा उजेड

थोडक्यात हुकलेल्या जुन्या फोटोंची पाळी आता. आधी आडवी रेषा सरळ करा: खिडकीची चौकट, फरशीची रेघ. मग कातरा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तरी २००० × १५०० उरतात आणि चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला १८०० × १२०० पुरतात. म्हणजे कडेचा अर्धा हात, बादली, चपलांचा ढीग बिनधास्त कापा. मुलाचे हातपाय मात्र सांध्यावर कापू नका. मनगट, गुडघा, घोटा यांच्या थोडं वर किंवा खाली कात्री चालवा. मूल ज्या दिशेला बघतंय त्या बाजूला जास्त मोकळी जागा ठेवा.

मग सावल्या थोड्या उचला, प्रखर भाग थोडे उतरवा, पिवळेपणा कमी करा. रंगांची फारच खिचडी असेल, जसं की रंगीत बल्ब, हिरवी भिंत, केशरी मंडप, तर कृष्णधवल करून बघा. चेहरा वर येतो. पण फोकसच चुकला असेल किंवा फोटो हलला असेल तर त्यावर इलाज नाही. एआय वापरून चेहरा धारदार करणारी ॲप पापण्या आणि दात स्वतःच्या मनाने रंगवतात. तसा चेहरा तुमच्या मुलाचा राहत नाही. असा फोटो आहे तसाच ठेवा.

मूल मोठं होतं तेव्हा

सात-आठ वर्षांच्या पुढे विचारून फोटो काढा आणि ‘नको’ म्हटलं तर ते ऐका. आज मान राखला तर उद्या ते स्वतः बोलावतं. दुसरा मार्ग म्हणजे फोन त्याच्या हातात देणं. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग (जन्म १८९४) लहान मुलगा असतानाच कॅमेरा वापरायला लागला आणि घरातल्या माणसांच्या उड्या, शर्यती, खेळ टिपत राहिला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते फोटो मांडले तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. तुमच्या मुलाने काढलेले फोटो नीट बघा, घरात त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते त्यात उघड दिसतं. शिवाय एरवी कायम फोनच्या मागे असणारी आई किंवा बाबा त्याच फोटोंत सापडतात.

फोटो सगळ्यांसमोर टाकण्याआधी चार गोष्टी तपासा. अंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे फोटो कुठेही टाकू नका, कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा नको. शाळेचा बिल्ला, बसचा नंबर, सोसायटीची पाटी चौकटीत असेल तर कातरा. कॅमेऱ्याची ‘लोकेशन’ची सोय बंद ठेवा, नाहीतर मूळ फाइलमध्ये घराचा ठावठिकाणा नोंदला जातो. स्नेहसंमेलनात दुसऱ्यांची मुलं फोटोत असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तो पुढे जाऊ देऊ नका.

प्रिंट काढा

वर्षातून एकदा, मुलाच्या वाढदिवसाला किंवा दिवाळीनंतर, वीस-पंचवीस फोटो छापून घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दुकानात देऊ नका, तो बराच लहान झालेला असतो. नातेवाइकांकडून हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. चार बाय सहाला वरचा हिशेब पुरतो. भिंतीवर लावायला आठ बाय बारा हवा असेल तर ३६०० × २४०० पिक्सेल लागतात, म्हणजे फार कातरलेला फोटो त्यासाठी निवडू नका. आधी एकच प्रिंट काढून बघा. फोनचा पडदा स्वतः उजळ असतो, त्यामुळे कागदावर फोटो थोडा काळपट येतो. तसा आला तर उजेड किंचित वाढवून बाकीचे द्या.

बाकीच्या निवडक फोटोंच्या मूळ फाइल फोनखेरीज एका हार्ड डिस्कवर आणि एका ऑनलाइन जागेवर ठेवा. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून टाकलेले सगळे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेतून मोजले जातात, म्हणून निवड करूनच चढवा.

प्रिंटच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर अल्बममध्ये फोटोखाली चिठ्ठी लावा. तारीख, गाव, फोटोतल्या प्रत्येकाचं नाव, आणि मूल त्या वेळी काय करत होतं किंवा काय म्हणालं ते एका ओळीत.